पडदे रंगवणाऱ्याचा सिनेमा

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना लोक बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतात. त्यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता असे रंगवलेले देखावे तेव्हा नाटकाचा अर्धा जीव असत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर रंगणाऱ्या नाटकांत असे पडदे आजही दिसतात.

दादासाहेब फाळके यांचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी एक जुने प्रक्षेपणयंत्र मिळवून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. यंत्राच्या पोटात काय चालते ते त्यातून उमगत गेले. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते, म्हणून तो घरीच घडवायचे ठरले. हे काम अर्धवट असतानाच 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून कॅमेरा 1918 च्या सुमारास पुरा केला. बाबूरावांनी मग काढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला लागलेले भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेने पुढे केले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव जितके यायला हवे तितके येत नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. कथा कीचकवधाची. याच कथेवरचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाटक लॉर्ड कर्झनच्या कारभारावरचे रूपक मानले गेले होते आणि 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली होती. त्यामुळे विषय पौराणिक असला तरी तो निव्वळ पौराणिक राहिला नव्हता. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके जिवंत उतरले की त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटावरून. यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. फाळक्यांनी कमलाबाई गोखले आणि दुर्गाबाई कामत यांना त्याआधीच पडद्यावर आणले होते, तरी ही गोष्ट अजून नवलाचीच होती.

पडदे रंगवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या बाबूरावांनी चित्रपटातून मात्र सपाट पडदा हद्दपार केला आणि खोली असलेले सेट उभारले. दृश्ये आणि वेशभूषा ते आधी कागदावर रेखाटत. जाहिरातीची भित्तिपत्रकेही स्वतः करत. ‘सिंहगड’ (1923) या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले. तोवर सगळी भिस्त सूर्यावर असे.

‘सावकारी पाश’ (1925) हा मात्र वेगळ्याच वाटेने गेला. ना देव, ना मावळे. नारायण हरी आपटे यांच्या कथेतला शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावतो आणि शहरात गिरणीची वाट धरतो. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी चित्रपटाकडे पाठ फिरवली; आज भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात सांगताना त्याचेच नाव आधी घ्यावे लागते. 1936 मध्ये बाबूरावांनी तो बोलपटाच्या रूपात पुन्हा केला.

कंपनी म्हणजे एक शाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर तिथेच तयार झाले. 1929 मध्ये ते बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. जाणत्या हातांशिवाय जुनी कंपनी फार काळ तग धरू शकली नाही. पाठोपाठ बोलपट आला. बाबूरावांचा पिंड दृश्याचा. संवाद आणि गाण्यांच्या नव्या जमान्यात त्यांना पूर्वीचे स्थान मिळाले नाही. ‘उषा’ (1935) आणि ‘प्रतिभा’ (1937) हे त्या काळातले त्यांचे चित्रपट. 1947 च्या ‘लोकशाहीर राम जोशी’चे दिग्दर्शन त्यांनी शांताराम यांच्यासोबत केले. चित्रकला आणि शिल्पकला मात्र त्यांनी सोडली नाही. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.