तिळवणीच्या पाल्याचा झणका

तिळवण : पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी रानभाजी (शास्त्रीय नाव क्लिओम गायनँड्रा). पान चुरगळले की मोहरीसारखा झणका येतो. पेशी फुटताच मायरोसिनेज हे विकर ग्लुकोकॅपरिन या गंधकयुक्त घटकाचे विघटन करते आणि मिथाइल आयसोथायोसायनेट हे बाष्पनशील द्रव्य सुटते. प्रयोगशाळेत चेचलेला पाला बंद कुपीत ठेवून वरच्या हवेतील वाफा शोषक तंतूवर धरतात व वायू-वर्णलेखन यंत्रात सोडतात. यंत्रातील केसासारख्या बारीक, लांब नळीतून घटक एकामागून एक बाहेर पडतात. बाहेर पडण्याची वेळ आणि यंत्राला जोडलेल्या वस्तुमान-वर्णपटमापकाने दिलेल्या वर्णपटातील ७३ ची रेघ यांवरून मिथाइल आयसोथायोसायनेट ओळखू येते. पाला उकळल्यास विकर निकामी होते, सुटलेली वाफही उडून जाते. म्हणून शिजलेल्या भाजीचा उग्रपणा कमी होतो.