चित्रांच्या दोन बॅगा आणि आपला 'ऑफ तास'

शाळकरी मुलांच्या मनाच्या दुखण्यांवर सध्या बरंच बोललं जातंय. समुपदेशक नेमा, हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवा. नेमाच, आणि रंगवाही. पण या सगळ्या चर्चेत चित्रकलेच्या मास्तरांचं नाव कुणी घेत नाही. म्हणून ही जुनी गोष्ट लिहितोय. पोस्ट लांब झालीय, सवडीनं वाचा.

फ्रीडल डिकर ही व्हिएन्नाची बाई, जन्म १८९८ चा. जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस ही त्या काळची सगळ्यात नव्या विचाराची कलाशाळा होती, तिथे ती योहानेस इटेन यांच्या हाताखाली शिकली. इटेन वर्गात आधी श्वास घ्यायला लावायचे, हात मोकळे करायला लावायचे, मग कोळसा हातात. डाव्या विचारांची म्हणून १९३४ मध्ये फ्रीडलला अटक झाली. सुटल्यावर ती प्रागला गेली आणि नाझींच्या भीतीने पळून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना चित्रकला शिकवू लागली. वर्गात मदतीला तिची एक तरुण विद्यार्थिनी होती, एडिथ क्रेमर. हे नाव लक्षात ठेवा.

डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल आणि तिचा नवरा पावेल ब्रँडाइस यांची रवानगी तेरेझीनच्या छावणीत झाली. तिथे ज्यू मुलांना शाळा शिकवायला बंदी होती, पण गाणी-चित्रं चालायची. त्या फटीतून तिने वर्ग उभा केला. कागद कुठला? कचेरीत वापरून झालेले फॉर्म, पाठकोरे कागद, रंगीत कपटे. मुलं ते फाडून, चिकटवून चित्रं करायची. सुरुवात इटेनसारखीच, हात मोकळे करण्यापासून.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी सवय. छावणीत प्रत्येकाला वाहतुकीचा नंबर होता. फ्रीडल मुलांना चित्रावर नाव घालायला सांगायची. पोरांनी फुलं काढली, घरं काढली, जेवणाचं टेबल काढलं. आणि तीन मजली बाकडी, जेवणाची रांग, अंत्ययात्राही काढल्या. काय काढावं हे ती ठरवत नव्हती. मुलांची चित्रं हा विषय घेऊन तिने १९४३ मध्ये छावणीतच व्याख्यानही दिलं.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस पावेलला ऑशविट्झला नेलं. फ्रीडलने स्वतःहून नाव दिलं आणि ऑक्टोबरमध्ये ती त्याच्या मागोमाग गेली. पोचल्या पोचल्या तिला मारलं. पावेल मात्र वाचला. जाण्याआधी तिने मुलांची चित्रं दोन बॅगांत भरून मागे ठेवली होती. युद्ध संपल्यावर १९४५ च्या उन्हाळ्यात त्या बॅगा प्रागला पोचल्या. आत साडेचार हजारांच्या आसपास चित्रं! आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ज्यांची नावं त्यांवर आहेत त्यातली बहुतेक मुलं मारली गेली.

चित्रांनी कुणाचा जीव वाचवला नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं. असल्या गोष्टी गोड करून सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

आता एडिथ. ती १९३८ मध्ये न्यूयॉर्कला निसटली. युद्धाच्या काळात कारखान्यात मशीनवर काम केलं. मग १९५० च्या सुमारास विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत लागली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची, मारामाऱ्या-चोऱ्यांत सापडलेली, घरं मोडलेली पोरं, बहुतेक कृष्णवर्णीय. (पुढे हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता झालेला फ्लॉइड पॅटरसन तिच्या आधी काही वर्षं इथेच होता.) एडिथ तिथे सात वर्षं रंग आणि माती घेऊन बसली.

पोरांच्या चित्रांचे अर्थ लावून ते त्यांच्या तोंडावर फेकणं तिला मान्य नव्हतं. रागाने फुटणाऱ्या पोराच्या हातून एखादी गोष्ट मनासारखी पूर्ण होणं, यातच औषध आहे असं तिचं म्हणणं. त्यासाठी शिकवणारा स्वतः कलाकार हवा. रंग गढूळ होतोय, मातीचा हत्तीचा पाय मोडतोय, हे त्याला वेळेत दिसतं आणि चित्र मुलाचंच ठेवून तो मदत करतो. याला तिने पुढे 'तिसरा हात' असं नाव दिलं. विल्टविकच्या अनुभवावरचं तिचं पुस्तक १९५८ मध्ये आलं, आणि आज ज्याला आर्ट थेरपी म्हणतात त्याच्या पायाभरणीत ते धरलं जातं.

आपल्याकडे काय चाललंय? कोणत्याही वर्गात जा आणि 'चित्र काढा' म्हणा. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. विदर्भातली पोरंसुद्धा नारळच काढतात! एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आहेत, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून गर्दीही होते. त्या परीक्षांना माझा विरोध नाही. पण घरात बाप गेलाय किंवा रोज भांडणं आहेत अशा पोराला त्या वस्तुचित्रात जागा कुठे?

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तरच कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. म्हणजे वाडीवस्तीवरची शाळा आधीच बाद. जिथे तास आहे तिथे तो 'ऑफ तास' समजून गणिताला दिला जातो. बरेच पालकही त्यावर खूश असतात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागणार आहे. चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. आणि सरकारी कचेऱ्यांतून रद्दीत जाणारे पाठकोरे कागद शाळेला मिळावेत. ज्यांच्या ओळखीत रंगकाम, मूर्तिकाम, रांगोळी करणारं कुणी आठवड्यातून एक तास द्यायला तयार असेल, त्यांनी कमेंटमध्ये कळवा.