आभासी संगणकास अतिरिक्त डिस्क जोडताना

एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साह्याने उभारलेला स्वतंत्र संगणक म्हणजे आभासी संगणक अर्थात व्हर्च्युअल मशीन. कार्यालयांचे सर्व्हर आणि क्लाउड सेवा यांचा मोठा भाग आज अशा संगणकांवर चालतो. माहिती वाढत जाते, डिस्क भरते आणि डेटाबेस नवी नोंद घेण्याचे नाकारतो. अशा वेळी अतिरिक्त डिस्क जोडणे हा रूढ उपाय आहे. हे काम काही मिनिटांचे असले, तरी एका चुकीच्या आज्ञेने अनेक वर्षांची माहिती नष्ट होऊ शकते.

ही संकल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम ३७० या प्रणालीत मोठ्या डिस्कचे भाग पाडून ते ‘मिनीडिस्क’ या नावाने आभासी संगणकांना दिले जात. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये हे तंत्र साध्या पीसीवर आणले. २००७ मध्ये केव्हीएम ही सुविधा लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली, तर २००८ मध्ये ॲमेझॉनने क्लाउडमधील संगणकास हवी तेव्हा जोडता येणारी ईबीएस ही डिस्कसेवा सुरू केली.

आभासी डिस्क ही बहुधा यजमान संगणकावरील एक मोठी फाइल असते. ती पूर्ण आकाराने आधीच राखून ठेवता येते किंवा गरजेनुसार वाढणारी ठेवता येते. दुसऱ्या प्रकारात सावधगिरी आवश्यक असते. यजमानाकडे १ टेराबाइट जागा असताना तीन आभासी संगणकांना प्रत्येकी ५०० गिगाबाइटची डिस्क देता येते; परंतु तिन्ही डिस्क भरू लागल्या, की यजमानाची जागा संपून तिन्ही संगणक एकाच वेळी अडचणीत येतात. म्हणून यजमानाकडील प्रत्यक्ष शिल्लक जागा प्रथम तपासावी.

जागा वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. जुनी डिस्क मोठी करणे हा पहिला आणि नवी डिस्क जोडणे हा दुसरा. पहिल्या मार्गात डिस्क, तिच्यावरील विभाग आणि त्या विभागावरील फाइल प्रणाली अशा तीन पातळ्यांवर वाढ करावी लागते. शेजारचा भूखंड विकत घेतल्याने घराची खोली आपोआप वाढत नाही, तसेच हे आहे. विंडोजमध्ये तर रिकामी जागा विभागाला अगदी लागून असावी लागते. मध्ये रिकव्हरी विभाग आल्यास विस्ताराचा पर्याय उपलब्ध होत नाही. व्हीएमवेअरमध्ये संगणकाचा स्नॅपशॉट घेतलेला असल्यास तो काढल्याशिवाय डिस्क मोठी करता येत नाही. शिवाय वाढविलेली डिस्क पुन्हा लहान करणे अवघड असते. ईबीएसमध्ये तर तशी सोयच नाही. माहिती स्वतंत्र ठेवायची असल्यास नवी डिस्क हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.

प्रारंभी माहितीची राखीव प्रत दुसऱ्या ठिकाणी घ्यावी. स्नॅपशॉट हा त्याला पर्याय नव्हे. तो सामान्यतः मूळ डिस्कवरच अवलंबून असतो आणि मूळ फाइल बिघडल्यास तोही निरुपयोगी होतो. त्यानंतर व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधून नवी डिस्क जोडावी. केव्हीएममध्ये ही जोडणी कायमस्वरूपी असल्याचे स्पष्ट न केल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर डिस्क दिसेनाशी होते.

लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने सर्व डिस्कची यादी मिळते. नव्या डिस्कचा आकार जुन्या डिस्कपेक्षा वेगळा ठेवल्यास ती चटकन ओळखता येते. खरा धोका याच टप्प्यावर असतो, कारण फाइल प्रणाली तयार करणारी आज्ञा चुकून जुन्या डिस्कवर दिली गेल्यास तेथील माहिती हातची जाते. डिस्क ओळखल्यानंतर विभाग पाडावा, त्यावर एक्सटी ४ किंवा एक्सएफएस ही फाइल प्रणाली तयार करावी आणि ती एखाद्या फोल्डरशी जोडावी.

ही जोडणी कायम राहावी यासाठी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये नोंद करावी लागते. त्या नोंदीत डिस्कचे नाव न देता यूयूआयडी हा ओळखक्रमांक द्यावा, कारण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर नावे बदलू शकतात. नोंद चुकल्यास संगणक सुरू होताना अडकतो. ‘नोफेल’ हा पर्याय दिल्यास ती अडचण टळते. मात्र त्या वेळी डिस्क जोडली न गेल्यास नवी माहिती नकळत मूळ डिस्कवर साठू लागते, याचे भान ठेवावे.

जुन्या फोल्डरमधील माहिती नव्या डिस्कवर न्यायची असल्यास संबंधित सेवा आधी बंद करावी. भरलेल्या फोल्डरवर नवी डिस्क जोडल्यास जुन्या फाइल दिसत नाहीत, परंतु त्यांनी व्यापलेली जागाही मोकळी होत नाही.

विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीतून हे काम होते. तेथे नवी डिस्क ‘ऑफलाइन’ दिसल्यास ती प्रथम ‘ऑनलाइन’ करावी. विभागांची नोंद ठेवण्यासाठी जीपीटी ही पद्धत निवडावी. जुन्या एमबीआर पद्धतीत सुमारे २ टेराबाइटपुढील जागा सामान्यतः वापरता येत नाही.

क्लाउडचे नियम काहीसे वेगळे आहेत. ॲमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ मध्ये सुरू झाले. अशा प्रत्येक क्षेत्रात अनेक उपविभाग असतात आणि ईबीएस डिस्क व संगणक एकाच उपविभागात असावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेत अनेक संगणकांना तात्पुरती डिस्कही मिळते. विंडोजमध्ये ती बहुधा ‘डी’ या अक्षराने दिसते. रिकामी दिसली तरी तिच्यावर महत्त्वाची माहिती ठेवू नये, कारण संगणक दुसऱ्या यजमानावर हलविला गेल्यास ती पुसली जाते.

अखेरीस, सोयीची वेळ ठरवून संगणक एकदा पुन्हा सुरू करावा आणि नवी डिस्क योग्य जागी जोडली गेल्याची खात्री करावी. ही चाचणी न घेतल्यास राहिलेली चूक काही महिन्यांनी, वीज गेल्यानंतरच्या घाईत उघड होते आणि तेव्हा डिस्क कोणी व कशी जोडली, हे सांगणारे कोणी जवळ असतेच असे नाही.