‘किमान देय’: एका दिवाळीच्या बिलावरचं भाष्य

संहिता भाच्याची, भाष्य मामाचं. नोव्हेंबर २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी भाचा आला आणि चहा होण्याआधीच मोबाइल माझ्या हातात दिला. क्रेडिट कार्डाचं बिल होतं. ‘३,२८६’ ह्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “मामा, एवढेच भरायचेत ना?” ह्या एका प्रश्नापायी पुढचा पाऊण तास गेला. बँकेचं नाव देत नाही; दुसऱ्या बँकेचं बिल असतं तरी ओळी ह्याच असत्या. मूळ पाठ इंग्रजी आहे, खालचं मराठी माझं.

“बिलाचा कालावधी: ११ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. देय तारीख: ३० नोव्हेंबर.”

ह्या दोन तारखांत कार्डाची सगळी गोडी आहे. १२ ऑक्टोबरला घेतलेल्या कपड्यांचे पैसे ३० नोव्हेंबरला द्यायचे, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. वाण्याकडेही उधारी एवढी थांबत नाही. मात्र इथे एक अट अध्याहृत आहे: पूर्ण रक्कम भरली तरच. शिवाय तारीख चुकली की लगेच विलंबशुल्क लागत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच ते लावता येतं, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आहे. भाच्याला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने २ डिसेंबर धरली असती.

“१२ ऑक्टो., वस्त्रदालन, १४,५००. १८ ऑक्टो., वॉशिंग मशीन, ३१,०००. २० ऑक्टो., मिठाई व सुकामेवा, ४,५००. २५ ऑक्टो., रिसॉर्ट, १०,०००.”

बेरीज ६०,०००. ह्यावर भाष्य करायचं कारण नाही. जुनं मशीन खरोखरच गेलं होतं, आणि सणाला कपडे कुणी घेत नाही? खर्चावरून पोरांना टोचण्यात आमच्या पिढीला जरा जास्तच रस असतो.

“२३ ऑक्टो., रोख उचल, एटीएम, ५,०००. रोख उचल शुल्क ५००. वस्तू व सेवा कर ९०.”

इथे थांबायला हवं. २३ ऑक्टोबर म्हणजे भाऊबीज. “खात्यात पैसे होते की रे.” “होते, पण हाताला हेच कार्ड आलं.” ताईच्या ताटात टाकायला पाच हजार रोख हवे होते, म्हणून कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये त्याने हे कार्ड घातलं. ‘उचल’ हा शब्द मराठीत जुना आहे. ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो तीही उचलच, आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. कार्डावरच्या उचलीला ते ४९ दिवस नाहीत. नोटा हातात पडल्या त्या दिवसापासून व्याज सुरू. शुल्क साधारण अडीच टक्के, पण निदान पाचशेच्या आसपास. म्हणून छोट्या रकमेला ते जास्त झोंबतं. १० नोव्हेंबरपर्यंत व्याज आणि त्यावरचा कर मिळून आणखी १२२ रुपये. बहिणीला मिळाले ५,०००, भावाच्या नावावर लागले ५,७१२. औक्षण चालू होतं तेव्हा मीटरही चालू होतं.

“एकूण देय रक्कम: ६५,७१२. किमान देय रक्कम: ३,२८६.”

दोन्हीकडे ‘देय’ हा एकच शब्द, आणि सगळा घोळ त्याने केलाय. पहिला ‘देय’ म्हणजे जे तू देणं लागतोस ते. दुसरा ‘देय’ म्हणजे एवढं दिलंस तर आम्ही तुला थकबाकीदार म्हणणार नाही. एक कर्जाची मोजणी, दुसरी थकबाकीदार न ठरण्याची किंमत. एका शब्दाला एकाच वाक्यात दोन अर्थ दिले तर शास्त्रात त्याला दोष मानतात. इथे तो दोष दर महिन्याला छापून येतो.

पूर्वपक्ष असा: “पण मामा, बँकच मागतेय ३,२८६. बाकीचे पुढच्या महिन्यात देईन.”

उत्तर आकड्यांतच द्यावं लागलं. ह्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते, आणि व्याज ३० नोव्हेंबरपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. मशीन धनत्रयोदशीचं, तिथून देय तारखेपर्यंत ४३ दिवस. ३१,००० वर १,५३४ रुपये, त्यावर १८ टक्के कर २७६. एका मशीनचे १,८१०. मागची बाकी उभी असेतो नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजाला लागते, डिसेंबरातलं दूधसुद्धा.

मग कागद घेतला. कर धरून महिन्याला ४.१३ टक्के वाढ, आणि भरायचे बाकीच्या ५ टक्के. म्हणजे बाकी महिन्याला जेमतेम एक टक्क्याने उतरते. नवी खरेदी एक रुपयाचीही न करता वर्षभर किमानच भरत गेला, तर हातून सुमारे ३८ हजार जातील आणि कर्ज उतरेल सुमारे ८ हजारांनी. ते निम्म्यावर यायला पाच वर्षं चार महिने. भाच्याने हिशेब फोनवर पुन्हा करून पाहिला. चहा गार झाला.

“फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबू शकते.”

ही ओळ प्रक्षिप्त आहे, बँकेची नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून घातलेली. खरी तीच, आणि म्हणूनच तळाला.

“वित्त आकार: दरमहा ३.५ टक्के.”

‘व्याज’ म्हणायची लाज वाटली की ‘आकार’ म्हणतात. आपल्याकडे दामदुप्पट नावाचा जुना नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. स्मृतिकारांनी तो सांगितला, मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. सावकाराला महाराष्ट्रात आजही २०१४ च्या कायद्याने वेसण आहे, पण तो कायदा बँकांना लागू नाही. ३० टक्क्यांवर व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं; सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी ते रद्द केलं. थोडक्यात, ह्या ओळीवर अपील नाही. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या कागदांवर काय लिहिलंय ते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. भाचा इंजिनिअर आहे.

“जमा गुण: ४००.”

पंचवीस पैशांना एक, म्हणजे १०० रुपये. पुढे चला.

“उपलब्ध मर्यादा: १,३४,२८८.”

‘उपलब्ध’ वाचलं की ते आपलंच वाटतं. पाण्याच्या टाकीसारखं.

पुन्हा पूर्वपक्ष: “बचत खात्यात तीस हजार आहेत, बाकी एफडी मोडावी लागेल. व्याज जाईल ना!” एफडी देते साडेसहा, मुदतीआधी मोडली म्हणून टक्काभर कमी मिळेल. कार्ड घेतं ४२. ह्यात तोलण्यासारखं काही नाही, तरी तो बराच वेळ तोलत बसला. एफडी मोडताना माणसाला काहीतरी गमावल्यासारखं वाटतं, किमान भरताना काहीतरी फेडल्यासारखं. एफडी नसती तर तेरा-चौदा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढूनही हे आधी मिटव म्हटलं असतं, फक्त मग कार्ड कपाटात ठेवायच्या अटीवर.

“स्वयंचलित भरणा: चालू. पर्याय: किमान देय रक्कम.”

ही ओळ बिलात नव्हती, ॲपमध्ये सापडली. कार्ड घेताना तीन वर्षांपूर्वी त्यानेच खूण केलेली. इतके दिवस बिलं लहान होती, तारखेआधी तोच पूर्ण भरून मोकळा होई, म्हणून ही खूण कधी जागी झाली नाही. त्याने ‘किमान’ पुसून ‘संपूर्ण’ निवडलं. ओटीपी आला, तो टाकला. मग फोन खिशात घालत म्हणाला, “मामा, ओवाळणीचं तेवढं ताईला सांगू नकोस.”