कायदा कधीपासून, कुठे आणि कोणाला?

आपल्या समाजात कायद्यावर चर्चा पुष्कळ होते. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, जुम्म्याच्या नमाजनंतर प्रत्येकाजवळ मत तयार असते. परंतु अमुक कायदा कधीपासून अमलात आला, कोणत्या मुलखात चालतो आणि कोणाला लागू होतो, हे तीन प्रश्न आपण क्वचितच विचारतो. खरे तर माणसाचा हक्क पुष्कळदा याच तीन प्रश्नांवर ठरतो. आपल्या खानदेशचा इतिहास याची साक्ष देतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यात ठाणे केले. पण राज्य बदलले म्हणून मुंबईचे कायदे आपोआप इथे लागू झाले नाहीत. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली रेग्युलेशने तयार झाली. त्यांतले २९वे रेग्युलेशन दक्खन आणि खानदेश यांना या कायद्यांखाली आणण्यासाठीच होते. म्हणजे कायदा असणे वेगळे आणि तो आपल्या मुलखात लागू होणे वेगळे. पुढेही सातपुड्यातल्या काठीसारख्या मेवासी संस्थानांची गावे १८७४च्या कायद्याने ‘अनुसूचित जिल्ह्यां’त धरली गेली. तिथे सर्वसाधारण कायदे सरसकट चालत नसत. एकाच खानदेशात, पण मैदानाचा कायदा निराळा आणि डोंगराचा निराळा!

आता कोणाला, हा प्रश्न. १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायाचा क्रम घालून दिला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर मुलखातली रूढी, रूढी नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. हा क्रम नीट पाहा. रूढी आधी आणि शरियत नंतर! रूढी सिद्ध झाली की कुरआनने मुलीला दिलेला वाटा कोर्टात टिकत नसे. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींच्या बाबतीत नेमके हेच घडले. न्यायमूर्ती पेरी यांनी रूढी मान्य केली आणि मुलींचा वारसाहक्काचा दावा गेला.

हे बदलण्यासाठी शरियत अ‍ॅप्लिकेशन अ‍ॅक्ट आला. ७ ऑक्टोबर १९३७ रोजी तो अमलात आला. वारसा, निकाह, तलाक, मेहर, हिबा, वक्फ अशा बाबतींत विरुद्ध रूढी असली तरी मुसलमानांना शरियतच लागू होईल, असे त्याने ठरवले. पण त्यातून शेतजमीन वगळली, कारण १९३५च्या कायद्याने शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता. मद्रास प्रांताने १९४९ साली दुरुस्ती करून ही अट काढली. आपल्याकडे केळीची बाग आणि कपाशीचे वावर हीच मोठी इस्टेट. म्हणून बहिणीच्या वाट्याचा प्रश्न निघाला की १९३७चा कायदा घराला एका तऱ्हेने लागू पडतो आणि वावराला दुसऱ्या तऱ्हेने. तरीसुद्धा शेताच्या बाबतीत केवळ ‘आमच्यात अशी रीत आहे’ म्हणून भागत नाही. जो रूढी सांगतो त्याने ती पुराव्याने सिद्ध करायची असते.

राहिला कधीपासून, हा प्रश्न. कायदा साधारणपणे पुढच्या काळासाठी असतो. जे कृत्य केले त्या दिवशी गुन्हा नव्हते त्याबद्दल नंतरच्या कायद्याने शिक्षा करता येत नाही, असे घटनेचे कलम २० सांगते. एका दमात दिलेला तीन तलाक गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ३१ जुलै २०१९ रोजी मिळाली. पण तो १९ सप्टेंबर २०१८पासून अमलात आल्याचे मानले गेले, कारण त्या दिवशी पहिला अध्यादेश निघाला होता. त्याआधीच्या तलाकबद्दल या कायद्याने शिक्षा होऊ शकत नाही. कायदा कोणाला पटो न पटो, तारीख मात्र माहीत हवी.

शाळेत आम्ही मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतो आणि परीक्षा संपली की त्या विसरल्या जातात. १८२७ आणि १९३७ या सनांचे तसे होऊ नये. त्यांच्यात आपल्या बहिणींच्या वाट्याचा हिशेब आहे. भाऊ वाटणीला बसले की कागदावर सही करण्याआधी बहिणीने आणि तिच्या वतीने आपण हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. इल्म हासिल करणे फर्ज आहे असे आपण मानतो. आपल्या हक्काचा कायदा जाणून घेणे हेही इल्मच आहे.