प्रवाळांची वेळ : काचपेटीतल्या उजेडाचा इतिहास

नवरत्नांतले पोवळे आपल्या परिचयाचे आहे. भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढणाऱ्या या तांबड्या प्रवाळाला उजेडावाचून काही अडत नाही. उष्ण समुद्रात भिंती आणि बेटे उभारणारा प्रवाळ मात्र उजेडावर जगतो. गेली काही वर्षे मी हा दुसरा प्रवाळ काचेच्या टाकीत जगवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास जुळवतो आहे. टिपणे कालक्रमाने लावली तेव्हा त्यांत दोन प्रश्न एकामागून एक आलेले दिसले. आधी माणसाने विचारले, याला उजेड किती लागतो? पुष्कळ उशिरा विचारले, उजेड केव्हा लागतो आणि अंधार केव्हा?

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये अशा सहवासी पेशींना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. हे शैवाल प्रवाळाच्या काय कामाचे, यावर पुढे दीर्घ वाद झाला. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आइल्स या बेटांवर राहिली. त्यांनी प्रवाळ बंद पेट्यांत, पूर्ण अंधारात ठेवले. प्रवाळांनी शैवाल बाहेर टाकले, पण खायला मिळाले तोवर ते जगले. यावरून यंग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी असून शैवाल त्याला अन्न पुरवत नाही. प्रयोग चोख होता, निष्कर्ष टिकला नाही. तिकडे पलाऊ बेटांवरील जपानी संशोधन केंद्रात सिरो कावागुती यांनी प्रवाळ उजेडात किती प्राणवायू सोडतो आणि अंधारात किती घेतो, हे मोजले; १९३७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शेवटी १९६९ मध्ये मस्कॅटिन आणि सेर्निकियारी यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून दाखवले की शैवालाने उन्हात तयार केलेले अन्न थेट प्रवाळाच्या शरीरात पोहोचते. म्हणजे उजेड हा प्रवाळाचा घासच होता.

हौशी मंडळी या वादासाठी थांबली नव्हती. जकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन. विषुववृत्ताजवळ ऊन फुकट मिळते. बर्लिनच्या हिवाळ्यात ते आणायचे कुठून? तिथल्या छंदिष्टांनी टाक्यांवर मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे टांगले, जोडीला निळ्या नळ्या लावल्या. बर्लिनमधील डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात जात दूरवर पसरले.

मोजमापाचा घोळ मात्र चालूच होता. लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो, आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सर्वांत तेजस्वी वाटतो. शैवाल निळा उजेड भरपूर वापरते, म्हणून निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा फसवा ठरतो. वनस्पतिशास्त्राने वेगळी मोजपट्टी दिली : ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकण मोजायचे, दर चौरस मीटरवर, दर सेकंदाला, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारी उघड्यावर हा आकडा सुमारे २००० असतो. टाकीत मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, तर उथळ पाण्यातल्या फांद्यांच्या प्रवाळांना २०० ते ३५० देण्याचा प्रघात पडला आहे. नवा प्रवाळ आधी मंद उजेडात ठेवतात आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवत नेतात. शैवालाला पेलवेल त्याहून जास्त उजेड पडला की प्राणवायूची घातक रूपे तयार होतात. मग प्रवाळ शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. दिवस दहा-बारा तासांचा, सकाळ हळूहळू उजाडणारी आणि संध्याकाळ हळूहळू मावळणारी. एलईडी आल्यावर हे सारे वेळापत्रक बसवणे सोपे झाले.

प्रवाळ जगले, वाढले. तरी तुकड्यांतून वाढलेला प्रवाळ मूळ प्रवाळाची नक्कलच असतो. नव्या पिढीसाठी अंडी आणि शुक्राणू एकत्र यावे लागतात. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जाहीर केले की ग्रेट बॅरियर रीफवर अनेक जातींचे प्रवाळ पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत एकदम बीज सोडतात. आपल्या पंचांगाच्या भाषेत, कोजागरी किंवा त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या वद्य चतुर्थी-षष्ठीच्या आसपास. २०२१ मध्ये तैवानमधील एका जातीवरील अभ्यासाने याचे एक कारण पुढे आणले. पौर्णिमेनंतर चंद्र सूर्यास्तापेक्षा उशिरा उगवतो आणि मध्ये अंधाराची एक फट पडते. ती फट हीच प्रवाळाची खूण. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला ती ठाऊक आहे.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंद टाक्यांत वर्षभराचे तापमान, दिवसाची लांबी, उन्हाची तीव्रता आणि चंद्राच्या कला हुबेहूब उभ्या केल्या. तिथे प्रवाळांनी ठरल्या वेळी बीज सोडले; ही पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तेव्हा रोगाने प्रवाळ झपाट्याने मरत होते. तिथल्या स्तंभ-प्रवाळाच्या उरल्यासुरल्या वसाहती एकमेकींपासून इतक्या दूर पडल्या होत्या की समुद्रात बीज सोडूनही मीलन घडणे कठीण. फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने हॉर्निमनच्या साहाय्याने या जातीला २०१९ मध्ये प्रथमच प्रयोगशाळेत बीज सोडायला लावले. छंदातून घडत गेलेल्या विद्येच्या हाती आता एका जातीचा वंश होता.

आणि खुल्या समुद्रात? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात आढळले की किनाऱ्यावरचे दिवे जिथे पाण्यावर पडतात, तिथे प्रवाळ पौर्णिमेच्या एक ते तीन दिवस अधिक जवळ बीज सोडतात. दिव्यांमुळे चंद्रोदयापूर्वीच्या अंधाराच्या फटीचा भास लवकर होत असावा आणि वेळ चुकते. दिवाळीपूर्वीच्या एका पौर्णिमेनंतर आणि नंतरच्याही एका पौर्णिमेनंतर दूर दक्षिणेत हा सोहळा घडतो. त्याला आपल्याकडून काही हवे असेल, तर समुद्राकडे तोंड केलेले थोडे दिवे त्या रात्री मालवलेले.