भू-नकाशांची मोठ्या आकारातील छपाई

भू-नकाशांची मोठ्या आकारातील छपाई म्हणजे गाव नकाशा, गट नकाशा, गावठाणाचा नकाशा व तत्सम भूमापन-आलेख ए३ पेक्षा मोठ्या कागदावर, बहुधा प्लॉटर या यंत्राद्वारे, मूळ प्रमाण कायम राखून छापणे होय. पुस्तकाचे पान थोडे लहान छापले गेले तरी मजकूर बदलत नाही. नकाशाचा आकार बदलला की त्यावरून मोजलेली लांबी व क्षेत्रफळ दोन्ही चुकतात. त्यामुळे या छपाईत शाईचे डाग किंवा पट्टे यांसारख्या उघड दोषांपेक्षा, स्वच्छ दिसणाऱ्या प्रतीत दडलेला प्रमाणदोष अधिक घातक ठरतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्रीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात बांध, रस्ता व वाटणी यांविषयीच्या वादांत नकाशाची प्रत हाती घेतली जात असल्याने या दोषांची ओळख असणे उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात जमिनीचे नकाशे राखण्याचे काम भूमि अभिलेख विभाग करतो. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि अभिलेख यांचे कार्यालय पुणे येथे असून तालुका पातळीवर उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांचे कार्यालय असते. फुलंब्रीचा परिसर पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. या इतिहासामुळे मराठवाड्याच्या जुन्या दप्तरांत मराठीबरोबर उर्दू भाषेतील व मोडी लिपीतील नोंदीही आढळतात.

जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. साखळीचे १६ आणे मानले जात आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. एका इंचास २० साखळ्या या प्रमाणाने काढलेल्या नकाशाचे अंकप्रमाण १:७,९२० येते. दशमान पद्धतीनंतर १:५,००० व १:१०,००० अशी प्रमाणे रूढ झाली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने तयार होणारे गावठाणाचे नकाशे १:५०० या प्रमाणाचे असतात.

नकाशांच्या प्रती काढण्याची तंत्रेही बदलत गेली. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या पद्धतीतून निळ्या पार्श्वभूमीवरील ब्ल्यू प्रिंट आली. पुढे ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढण्याची पद्धत रूढ झाली. जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्रणाने नकाशा उतरवण्याच्या तंत्राची आठवण पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात टिकून आहे. ट्रेसिंगवरून काढलेली अमोनिया प्रत मूळ आलेखाला चिकटवूनच निघत असल्याने तिचा आकार मुळाएवढाच राही. संगणकीय छपाईत आकार लहान-मोठा करणे एका कळीचे काम झाले आणि प्रमाणदोषाचा धोकाही त्यामुळे वाढला.

कागदाचे आकार

ए० आकाराचा कागद ८४१ × १,१८९ मिलिमीटर, ए१ हा ५९४ × ८४१ मिलिमीटर, तर ए३ हा २९७ × ४२० मिलिमीटर असतो. प्लॉटरला सुटे कागद न लावता बहुधा २४ इंची (६१० मिलिमीटर) किंवा ३६ इंची (९१४ मिलिमीटर) रोल लावला जातो. २४ इंची रोलवर ए१ नकाशा उभा बसतो. मात्र दोन्ही बाजूंना जेमतेम ८ मिलिमीटर जागा उरते. यंत्राला कडेची काही जागा छापता येत नसल्याने संगणक-प्रणाली एकतर नकाशाची कड कापते किंवा संपूर्ण नकाशा आकसून बसवते. कापलेली कड लगेच दिसते, आकसलेला नकाशा सहसा लक्षात येत नाही.

प्रमाणातील दोष

‘पानात बसवा’ हा छपाईचा पर्याय हे प्रमाणदोषाचे सर्वांत सामान्य कारण आहे. १:५,००० प्रमाणाच्या नकाशात १०० मीटर लांबीचा बांध २० मिलिमीटर दिसतो. ए१ आकाराचा हा नकाशा ए३ कागदावर बसवल्यास तोच बांध १० मिलिमीटर होतो. नकाशावर छापलेले ‘१:५,०००’ हे अंक मात्र तसेच राहतात. त्या अंकांवर विसंबून मोजणाऱ्यास बांध ५० मीटरचा आणि शेत मूळ क्षेत्राच्या एक चतुर्थांश भासते.

एवढा मोठा फरक सहसा ओळखू येतो. लहान फरक फसवा असतो. नकाशा ९७ टक्के आकारात छापला गेल्यास लांबी ३ टक्क्यांनी घटते, पण क्षेत्रफळ सुमारे ५.९ टक्क्यांनी घटते. एक हेक्टर शेतात हा फरक ५.९ आर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतो. प्रत्यक्ष जमिनीवर काहीही बदललेले नसताना शेजाऱ्याने बांध कोरल्याचा समज अशा प्रतीवरून होऊ शकतो.

शालेय भूगोलात शिकवले जाणारे शब्दप्रमाण, अंकप्रमाण व रेषाप्रमाण यांतील भेद येथे कामी येतो. नकाशा लहान-मोठा केला तरी रेषाप्रमाण त्याच्याबरोबर बदलते आणि खरे राहते; शब्दप्रमाण व अंकप्रमाण खोटे ठरतात. म्हणून छापील प्रतीवरील रेषाप्रमाण पोलादी पट्टीने मोजून ते अंकप्रमाणाशी जुळते का, हे प्रथम पाहिले जाते. १:५,००० प्रमाणात ५०० मीटरची रेषा बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. छपाईपूर्वी ‘मूळ आकार’ किंवा ‘१०० टक्के’ हा पर्याय निवडणे आणि फाईलमधील पानाचा आकार यंत्रातील कागदाशी जुळवणे हा यावरील उपाय होय.

काही वेळा रेषाप्रमाण आडवे बरोबर, पण उभे चुकीचे भरते. कागद पुढे सरकवणाऱ्या रुळांची चाल किंचित कमी-जास्त झाल्याचे हे लक्षण आहे. त्यासाठी आडवी व उभी अशी प्रत्येकी ५०० मिलिमीटरची रेषा छापून मोजतात आणि आलेल्या फरकानुसार यंत्राची चाल दुरुस्त करतात.

कागदाचे आकुंचन-प्रसरण

कागद हवेतील ओलावा शोषून फुगतो व कोरड्या हवेत आकसतो. रोलच्या कागदात तंतू लांबीच्या दिशेने असल्याने रुंदीतील बदल अधिक असतो. मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा व दमट पावसाळा यांमुळे जुन्या प्रतींत हा फरक साचतो. त्यात घड्या, फाटलेल्या कडा आणि मागे चिकटवलेल्या कापडाचा ताण यांची भर पडते. अशा नकाशाचे स्कॅन केल्यावर एकाच पत्रकात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे प्रमाण मिळू शकते. जमिनीवरील ज्ञात बिंदूंशी जुळवून ते स्कॅन दुरुस्त करावे लागते. केवळ आकार टक्क्यांनी वाढवून हा दोष जात नाही. आकार स्थिर राखणे आवश्यक असल्यास पॉलिएस्टर फिल्म वापरली जाते.

रेषा व अक्षरे गळणे

पडद्यावर दिसणारी अतिशय बारीक रेषा छपाईत पुसट होते किंवा नाहीशी होते, कारण फाईलमध्ये तिला निश्चित जाडी दिलेली नसते. उलट जाड रेषाही अचूकता घालवते: १:५,००० प्रमाणात ०.२ मिलिमीटर रुंदीची रेषा जमिनीवरील एक मीटर व्यापते.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली गावांची व शिवारांची नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे बनतात. पीडीएफ करताना टंक फाईलमध्येच अंतर्भूत करणे किंवा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हा त्यावरील मार्ग आहे. स्कॅनमधील ठिपके आपोआप पुसणारी सोय वापरल्यास देवनागरीतील अनुस्वार, उर्दू अक्षरांचे नुक्ते व गटक्रमांकांतील बारीक फाटे डाग समजून काढले जाण्याचा संभव असतो. त्यामुळे जुन्या नकाशांचे स्कॅन केवळ काळ्या-पांढऱ्यात न करता करड्या छटांत किंवा रंगांत केले जाते.

यंत्रातील सामान्य दोष

| लक्षण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| आडवे पांढरे पट्टे | शाईची छिद्रे बुजणे | चाचणी नमुना छापून प्रिंट हेड स्वच्छ करणे |
| समान अंतरावर गडद पट्टे | कागद कमी सरकणे | कागदाची चाल दुरुस्त करणे |
| नकाशा तिरपा येणे | रोल वाकडा बसणे | रोल काढून सरळ लावणे |
| शाई फासली जाणे | कागदाचा चुकीचा प्रकार निवडणे, अपुरी सुकवणी | योग्य प्रकार निवडणे, सुकण्यास वेळ देणे |
| अर्धाच नकाशा छापला जाणे | स्मृती अपुरी पडणे, वीज जाणे | फाईल संगणकावर प्रक्रिया करून पाठवणे, यूपीएस वापरणे |

वीज जाऊन थांबलेली छपाई तिथून पुढे सुरू करून दोन तुकडे जोडणे टाळले जाते, कारण सांध्यावर बांधाच्या रेषा सरकतात. शेतात नेण्याच्या प्रतीसाठी पाण्याने पसरणाऱ्या शाईऐवजी रंगकणयुक्त शाई अधिक टिकाऊ ठरते.

कायदेशीर महत्त्व

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्दी ठरवण्याविषयी तरतुदी आहेत. हद्द निश्चित करण्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो आणि मोजणीनंतर अर्जदारास मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. महाभूनकाशा संकेतस्थळावरून घेतलेली किंवा दुकानात छापलेली प्रत गटाचे स्थान, शेजारचे गट व रस्ते समजून घेण्यास उपयोगी पडते. प्रत्यक्ष मोजणीची जागा ती घेऊ शकत नाही. एका छापील प्रतीवरून पुन्हा झेरॉक्स काढत गेल्यास प्रत्येक प्रतीत थोडा फरक वाढत जातो. त्यामुळे प्रत नेहमी मूळ फाईल किंवा प्रमाणित नकाशावरूनच काढणे योग्य मानले जाते.

हे सुद्धा पहा

- नकाशा प्रमाण
- गुंठा
- सातबारा उतारा
- भारतीय सर्वेक्षण विभाग
- फुलंब्री तालुका